वजनकाटा वर्गात आणू नका: शाळेच्या व्यवस्थापन समितीला खुले पत्र

माननीय अध्यक्ष, समितीचे सर्व सदस्य आणि मुख्याध्यापिका यांना सप्रेम नमस्कार.

पुढच्या सत्राबद्दलचे आपले परिपत्रक मिळाले. सहावी ते दहावीच्या सर्व विद्यार्थ्यांचे दर महिन्याला वजन करायचे, त्यावरून बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, काढायचा, तो प्रगतिपुस्तकात हिरव्या, पिवळ्या किंवा लाल रंगात छापायचा आणि ज्या वर्गाच्या आकड्यांत सर्वांत जास्त सुधारणा दिसेल त्या वर्गाला वार्षिक समारंभात ढाल द्यायची, असे त्यात लिहिले आहे. वजन करण्याचे काम शारीरिक शिक्षण विभागाकडे, म्हणजे माझ्याकडे आहे. बैठकीत मी हरकत घेतली, तेव्हा "मुलांच्या भल्यासाठीच आहे, बाई" असे म्हणून विषय पुढे सरकवण्यात आला. नंतर लेखी अर्ज दिला, त्याला उत्तर आले नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहीत आहे. ज्यांच्या मुली त्या काट्यावर उभ्या राहणार आहेत त्या पालकांना हे कळायला हवे, आणि असाच निर्णय घेण्याच्या विचारात असलेल्या इतर शाळांनाही.

आपल्या हेतूबद्दल मला शंका नाही. मुले बसून राहतात, मैदानावर येत नाहीत, फोन हातातून सुटत नाही, ही काळजी माझीही आहे. मुलींना पळायला, उड्या मारायला, पडल्यावर उठायला शिकवण्यात माझे आयुष्य गेले आहे. मुलींच्या अंगात ताकद यावी असे मला वाटते, म्हणूनच या निर्णयाला माझा विरोध आहे.

आरोग्य तपासणीच्या दिवशी वजनाची रांग कशी असते ते आधी सांगते, कारण कागदावर ते दिसत नाही. मुलगे बूट काढतात, चढतात, उतरतात, पळतात. सातवी-आठवीच्या मुलींची रांग वेगळी असते. त्या रांगेत सकाळपासून पाणीही न प्यायलेल्या मुली असतात. कुणी घड्याळ काढून मैत्रिणीच्या हातात देते, कुणी केसांतल्या पिना काढते, कुणी खिशातला रुमालसुद्धा बाजूला ठेवते. एक जण काट्यावर चढताना पाऊल हळूच टाकते, जणू आपटले तर आकडा वाढेल. एक जण विचारते, "बाई, मी पाठ करून उभी राहू का?" आकडा वाचणाऱ्या बाई तो मोठ्याने सांगतात, कारण लिहिणाऱ्या बाई टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या असतात. मागच्या दहा जणींना तो ऐकू जातो. मधल्या सुट्टीपर्यंत वर्गात सर्वांत मोठा आकडा कुणाचा, हे सगळ्यांना ठाऊक झालेले असते. त्या दिवशी कितीतरी डबे अर्धे भरलेले घरी जातात. आज हे वर्षातून एकदा होते, आपण ते दर महिन्याला करणार आहात.

माझा पहिला आणि सर्वांत मोठा आक्षेप या मुलींच्या वयाबद्दल आहे. वाढत्या मुलीचे वजन वाढलेच पाहिजे. मुलींची उंची साधारण अकरा-बाराव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत वेगाने वाढते, वजन तिच्या मागोमाग वाढते आणि पहिली पाळी बहुधा उंचीचा हा झपाटा ओसरू लागल्यावर येते. या काळात मांड्या, नितंब, छाती, दंड भरतात. मुलग्यांच्या अंगावर या वयात मुख्यतः स्नायू चढतात. मुलींच्या अंगात चरबीचे प्रमाण वाढते, आणि ते वाढायलाच हवे, कारण पाळी सुरू होऊन नियमित राहायची तर शरीरात पुरेशी ऊर्जा शिल्लक लागते. हाडांचेही तसेच आहे. प्रौढपणी आपल्या हाडांत जेवढे खनिज असते त्याचा जवळजवळ चौथा हिस्सा उंचीच्या झपाट्याच्या आगेमागे दोनच वर्षांत साठतो. तेव्हा जे साठायचे राहिले ते पुढे भरून काढणे फार अवघड असते. ज्या वर्षांत मुलीने पोटभर जेवायचे, नेमक्या त्याच वर्षांत शाळा तिला सांगणार, की आकडा खाली आण, वर्गाला ढाल मिळेल.

शिवाय वयात येण्याची वेळ प्रत्येकीची वेगळी. आठवीच्या एकाच बाकावर दोन वर्षांपूर्वी पाळी आलेली मुलगी असते आणि अजून न आलेलीही. एकीचे अंग भरलेले, दुसरी काडीसारखी. दोघीही निरोगी, दोघीही आपापल्या वेळापत्रकाप्रमाणे वाढणाऱ्या. जी लवकर वयात येते तिला आधीच खूप सोसावे लागते. ती पाठीला पोक काढून चालते, उन्हाळ्यातही जाकीट घालते, लांब उडीच्या वेळी पोट दुखत असल्याचे सांगते. आता तिच्या प्रगतिपुस्तकात लाल रंगही येणार.

दुसरा आक्षेप बीएमआयला. हे सूत्र १८३० च्या दशकात बेल्जियमच्या अडॉल्फ केटले या गणितज्ञाने मांडले. तो डॉक्टर नव्हता. त्याला सरासरी माणसाचा अभ्यास करायचा होता. अमेरिकी शास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी १९७२ साली त्याला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिले, तेही लोकसमूहांची तुलना करण्यासाठी. वजन स्नायूंचे आहे, हाडांचे की चरबीचे, हे त्या आकड्यातून कळत नाही. लहान मुलांच्या बाबतीत तर वय आणि लिंग लक्षात घेतल्याशिवाय त्याला अर्थच नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली ५ ते १९ वयोगटासाठी स्वतंत्र तक्ते दिले. आपल्या परिपत्रकाला जोडलेला तक्ता मी नीट पाहिला. तो मोठ्या माणसांचा आहे, त्यात हिरवा रंग १८.५ ला सुरू होतो. संघटनेच्या तक्त्यानुसार बारा वर्षांच्या मुलीचा मधला बीएमआय १८ च्या आसपास असतो. म्हणजे वयाप्रमाणे अगदी मधोमध असलेल्या मुलीला आपला तक्ता कमी वजनाची ठरवतो. परिपत्रक काढण्यापूर्वी एखाद्या बालरोगतज्ज्ञाला विचारले असते तर ही चूक टळली असती. पण तक्ता बदलून प्रश्न सुटेल असे समजू नका. अचूक तक्ता लावला तरी तो प्रगतिपुस्तकात छापणे तितकेच चुकीचे राहील.

आणि छापून उपयोग होतो का? हे इतरांनी करून पाहिले आहे. अमेरिकेत अर्कान्सा राज्याने २००३ साली कायदा करून शाळांमध्ये विद्यार्थ्यांचे बीएमआय मोजून घरी पाठवायला सुरुवात केली, मग इतर राज्येही त्या वाटेने गेली. पुढे कॅलिफोर्नियात ७९ शाळांमधल्या सुमारे २९ हजार विद्यार्थ्यांवर याचा रीतसर अभ्यास झाला. पालकांना अहवाल पाठवल्याने मुलांच्या वजनात काहीही फरक पडला नाही. शाळेत वजन केलेल्या मुलांमध्ये स्वतःच्या वजनाबद्दलची नाराजी मात्र वाढली. मुलींना खजील करून त्यांची तब्येत सुधारल्याचे मीही कधी पाहिलेले नाही.

आता डाएटबद्दल. हा शब्द आता पाचवी-सहावीच्या मुलींच्याही तोंडी असतो. "आज मी काही खाणार नाही, काल खूप झालं." "चार वाजल्यानंतर काही नाही." "डबा तू खा, मला भूक नाही." त्या काय काय करतात ते मला माहीत आहे, पण इथे त्याची यादी देत नाही आणि कुठलेही आकडे लिहीत नाही. हे पत्र मुलीही वाचतील आणि अशा याद्यांतूनच त्या शिकतात. एवढेच सांगते की हे सगळे जिद्द, शिस्त, मनाचा निग्रह या चांगल्या नावांखाली चालते. मुलगी सकाळी उपाशी येते, दुपारी डबा वाटून टाकते, संध्याकाळी घरी जाऊन दिसेल ते खाते, मग रडते आणि उद्यापासून आणखी कडक राहायचे ठरवते. तिला वाटते आपल्यात निग्रह कमी पडतो. खरे तर तिचे शरीर तेच करत असते जे उपाशी ठेवलेले कुठलेही शरीर करील. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, याच अँसेल कीज यांनी मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांना सुमारे सहा महिने अपुऱ्या अन्नावर ठेवले होते. ते सगळे स्वेच्छेने आलेले, मनाने खंबीर निवडलेले तरुण. काही आठवड्यांतच त्यांना अन्नाशिवाय दुसरे काही सुचेना. कुणी पाककृतींची पुस्तके गोळा करू लागला, कुणी एकेक घास तासन्‌तास पुरवू लागला. चिडचिड, उदासी, सतत थंडी वाजणे, माणसे नकोशी होणे, हे सगळे आले. पोटभर खाण्याची मुभा मिळाल्यावर काहींना खाणे थांबवता येईना. मोठ्या पुरुषांची ही गत, तर चौदा वर्षांच्या मुलीने घटक चाचणीत लक्ष कसे द्यायचे?

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात चौदा-पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांचा तीन वर्षे मागोवा घेणारा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. कडक डाएट करणाऱ्या मुलींना खाण्याचा विकार जडण्याची शक्यता डाएट न करणाऱ्यांच्या १८ पट निघाली. बेताने डाएट करणाऱ्यांमध्येही ती ५ पट होती. मिनेसोटातल्याच दुसऱ्या एका अभ्यासात शाळकरी मुलामुलींना पाच वर्षांनी पुन्हा गाठले, तेव्हा डाएट करणाऱ्यांचेच वजन प्रमाणाबाहेर वाढण्याचा धोका जास्त दिसला. वजन कमी व्हावे म्हणून आपण जो मार्ग दाखवत आहात तो वजनाच्या बाबतीतही उलटाच जातो. म्हणूनच अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली डॉक्टरांना आणि पालकांना स्पष्ट सांगितले, की या वयात डाएटला उत्तेजन देऊ नका, मुलांशी वजनाबद्दल बोलू नका, त्यावरून चिडवू नका, घरात एकत्र बसून जेवा, हालचाल वाढवा. परिपत्रकात मात्र वजन नियंत्रणाच्या एका सल्लागारांचे व्याख्यान आणि प्रत्येक मुलीला आहारतक्ता वाटणे, असा कार्यक्रम आखला आहे.

खाण्याचे विकार म्हणजे नखरे नव्हेत. अॅनोरेक्सियात, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणे तोडत नेण्याच्या आजारात, जीव जातो. मानसिक आजारांमध्ये मृत्यूचे प्रमाण सर्वाधिक असलेल्यांपैकी तो एक आहे, आणि त्यातले काही मृत्यू आत्महत्येचे असतात. उलट्या काढण्याच्या सवयीने रक्तातले पोटॅशियम घसरते आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. आणखी एक गोष्ट आपल्या हिरव्या-लाल रंगांशी थेट जोडलेली आहे. हा आजार झालेली मुलगी नेहमी हडकुळी दिसतेच असे नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ च्या निदानसूचीत हे नोंदवले आहे, की भरपूर वजन घटूनही ज्यांचे वजन सर्वसामान्य किंवा त्याहून जास्त दिसते त्यांनाही याच आजाराचा एक प्रकार असू शकतो. शरीरावर होणारे परिणाम तितकेच गंभीर असू शकतात. अशी मुलगी आपल्या यादीत लालवरून हिरव्यात जाईल. आपण तिच्यासाठी टाळ्या वाजवाल.

टाळ्यांचे म्हणते आहे, कारण मी ते पाहिले आहे. धावण्याच्या संघातली एक मुलगी. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून सांगते. मोठ्या सुट्टीनंतर ती बारीक होऊन आली. पहिल्याच दिवशी वर्गात, शिक्षक खोलीच्या दारात, प्रार्थनेच्या रांगेत तिला एकच ऐकू आले, "किती छान दिसतेस गं! काय केलंस?" सुरुवातीला तिची वेळही सुधारली. मग ती भर दुपारी स्वेटर घालून मैदानात येऊ लागली. टाळी द्यायला हात पुढे केला तर तिचा हात गार असायचा. शर्यतीत शेवटच्या टप्प्यात पाय जड पडू लागले, कुणाशी बोलणे उरले नाही, मधल्या सुट्टीत ती एकटी जिन्यात बसायची. मी तिच्या आईला बोलावले, तर आई म्हणाली, "अहो, आता कुठे जरा शिस्त लागलीय." शेवटी नडगी दुखते म्हणून डॉक्टरकडे नेले तेव्हा हाडाला बारीक भेग निघाली. पाळी कधी आली होती, हे तिला पहिल्यांदा त्या डॉक्टरांनी विचारले. कित्येक महिने आली नव्हती.

खेळाच्या क्षेत्रात ही अवस्था चांगली परिचित आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली त्यावर स्वतंत्र निवेदन काढले. खर्च होणाऱ्या शक्तीच्या मानाने खाणे कमी पडले, की शरीर आधी पाळी, हाडे, प्रतिकारशक्ती यांवरचा खर्च थांबवते. त्या मुलीवर डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांनी मिळून उपचार केले, घरच्यांनी रोज तिच्यासोबत बसून तिला जेवू घातले, आणि ती बरी झाली. वजन पुन्हा भरू लागले तेव्हा वर्गातल्या एकीने सगळ्यांसमोर विचारले, "परत सुटलीस का गं?" विचारणारी मुलगी दुष्ट नव्हती. शरीर कसे दिसते यावर मत द्यायचेच असते, हे ती मोठ्यांकडून शिकली होती.

म्हणून ढालीला माझा सर्वांत तीव्र विरोध आहे. ढाल वर्गाला मिळणार, म्हणजे एकीच्या वजनाचा हिशेब चाळीस जणी ठेवणार. तिच्या डब्यात काय आहे ते पाहणार, वाढदिवसाला तिने काय उचलले ते पाहणार, आणि ढाल हुकली तर कुणामुळे हुकली तेही ठरवणार. गटाने लाज वाटायला लावणे ही आधीच या वयातली सर्वांत क्रूर गोष्ट असते. शाळेने तिला नियमाचे बळ देऊ नये.

बैठकीत एका सदस्यांनी मला विचारले होते, "हे सगळे मोबाईलमुळे आहे, शाळा काय करणार?" मोबाईलचा वाटा मोठा आहे हे खरे. फिजी बेटांवरच्या एका भागात १९९५ साली दूरचित्रवाणी आली. तिथे धष्टपुष्ट अंगाचे कौतुक असायचे. तीन वर्षांनी अॅन बेकर या संशोधिकेने शाळकरी मुलींची पाहणी केली, तर वजनासाठी उलट्या काढणाऱ्या मुली, ज्या आधी एकही नव्हत्या, त्या ११ टक्क्यांच्या वर गेल्या होत्या. हे एका दूरचित्रवाणीने झाले, आता तर प्रत्येकीच्या हातात पडदा आहे. २०२१ साली फेसबुक कंपनीची आतली कागदपत्रे बाहेर आली. आपल्या शरीराबद्दल आधीच वाईट वाटत असलेल्या किशोरवयीन मुलींपैकी ३२ टक्के मुलींनी इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाईट वाटते असे सांगितल्याचे कंपनीच्याच पाहणीत नोंदलेले होते. फ्रान्सने २०१७ पासून जाहिरातीतल्या मॉडेलच्या अंगाकाठीत फेरफार केलेला असेल तर तसे छायाचित्रावर लिहिणे बंधनकारक केले, पुढे नॉर्वेनेही तसा कायदा आणला. पण मुलीच्या फोनमध्ये कुठलाच कायदा पुरता पोचत नाही. तिथे कंबर बारीक करणारा फिल्टर तिने स्वतःच्याच फोटोला लावलेला असतो, आणि मग आरशातली मुलगी तिला त्या फोटोपेक्षा कमी वाटू लागते. इतके सगळे तिच्यावर बाहेरून येत असताना दिवसातले सहा-सात तास तरी ज्या जागी तिच्या अंगावर कुणी गुण देत नाही अशी एक जागा शाळा असू शकते. मोबाईल आपल्या हातात नाही, शाळा आहे.

आणि शाळेत आजही बरेच काही चालते ज्याकडे आपण लक्ष दिलेले नाही. नाचाच्या कार्यक्रमात पुढच्या रांगेत बारीक मुली आणि मागे जाड्या, ही निवड कुणी उघडपणे करत नाही, पण दरवर्षी होते. कार्यक्रमाचे कपडे एकाच मापात मागवले जातात आणि ज्या मुलीला ते होत नाहीत तिला पडद्यामागचे काम मिळते. वर्गात बाकांमधून जाताना "जरा कमी खात जा" असे सहज बोलले जाते. "चेहरा किती गोड आहे, थोडे वजन तेवढे उतरव" हे तर कौतुक म्हणूनच सांगितले जाते. मधली सुट्टी इतकी छोटी केली आहे, की हात धुवून डबा उघडेपर्यंत घंटा होते. ज्या मुलीला जेवण टाळायचे आहे तिला आयते निमित्त मिळते. आणि परीक्षा जवळ आली, की पी.टी.चा तास गणिताला जातो. मुलींची हालचाल वाढावी अशी खरोखर इच्छा असेल तर तो तास परत द्या. मी आजवर किती वेळा मागितला आहे ते आपल्या कार्यालयात नोंदलेले असेल.

मुलग्यांचे काय, असे कुणी विचारील. त्यांचेही नुकसान होते. दंड फुगवण्याच्या पावडरींमागे लागलेले आठवीतले मुलगे मी पाहते. या पत्रातल्या सगळ्या मागण्या त्यांनाही लागू आहेत.

माझ्या मागण्या अशा. दरमहा वजन करणे, प्रगतिपुस्तकातला रंग आणि वर्गाची ढाल, हे तिन्ही निर्णय मागे घ्या आणि तसे पालकांना लेखी कळवा. वर्षातून एकदा आरोग्य तपासणी जरूर करा, पण ती डॉक्टर किंवा परिचारिकेने, बंद दाराआड, एका वेळी एकीची. आकडा मोठ्याने उच्चारला जाऊ नये. ज्या मुलीला तो पाहायचा नसेल तिला पाठ करून उभे राहता यावे, आणि जिला वजन करायचेच नसेल तिला नको म्हणता यावे. वाढीच्या तक्त्यात डॉक्टरांना काही काळजीचे दिसले, मग ते वजन वाढणे असो की घटणे, तर त्यांनी ते पालकांना खाजगीत सांगावे. वर्गशिक्षकांच्या नोंदवहीत त्याचा उल्लेख नको.

वजन नियंत्रणाचे व्याख्यान आणि आहारतक्ते रद्द करा. त्याऐवजी पाचवीपासून मुलींना आणि मुलग्यांना वयात येताना शरीरात काय बदल होतात ते बालरोगतज्ज्ञाकडून शिकवा, वजन वाढते आणि वाढायला हवे हे स्पष्ट शब्दांत. जाहिरातीतले आणि फोनमधले फोटो कसे बदलले जातात ते त्यांच्याच हाताने करून दाखवा. संगणकाच्या एका तासात होण्यासारखे आहे.

शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांसाठी नियम करा, की विद्यार्थ्यांच्या अंगकाठीवर कुणीही काही बोलणार नाही, वाईटही नाही आणि बारीक झालीस म्हणून कौतुकही नाही. कार्यक्रमांचे कपडे आणि गणवेश सर्व मापांत मागवा. मधली सुट्टी पुरेशी लांब करा आणि शिक्षकांनीही त्या वेळी मुलांमध्ये बसून जेवावे. शारीरिक शिक्षणाचा तास दुसऱ्या कुठल्याही विषयाला देऊ नका.

आणि समुपदेशक नेमा. मुलगी सारखी डबा टाळते, जेवणानंतर लगेच नाहीशी होते, थंडीने कुडकुडते, चक्कर येऊन पडते, मैत्रिणींपासून तुटते, हे ज्याला दिसेल त्याने कुणाकडे जायचे ते ठरलेले असावे. आज ते ठरलेले नाही. खाण्याचे विकार लवकर लक्षात आले तर बरे होतात, आणि घरच्यांना सोबत घेऊन केलेले उपचार या वयात चांगले लागू पडतात. त्यासाठी पहिले पाऊल बहुतेक वेळा शाळेतच कुणीतरी उचलावे लागते.

पालकांना एक विनंती. परिपत्रकाबद्दल आपले म्हणणे समितीला लेखी कळवा, बाजूने असो वा विरोधात. आणि घरी मुलगी समोर असताना स्वतःच्या पोटाबद्दल, स्वतःच्या वजनाबद्दल वाईट बोलू नका. ती ऐकत असते.

समितीला आणखी एक गोष्ट आजच कळवते. निर्णय कायम राहिला तरी वर्गासमोर एकाही मुलीचे वजन मी करणार नाही. त्याबद्दल जी कारवाई व्हायची असेल तिला मी सामोरी जाईन. वजनासाठी दरमहा जे दोन तास राखून ठेवले आहेत त्यांत काय करता येईल याचा आराखडा मी अर्जासोबत दिला होता: ज्या मुली कुठल्याच संघात नाहीत त्यांच्यासाठी खेळ, निकाल न लावता, गुण न देता. साहित्य शाळेकडे आहे, मैदान आहे, मी आहे. पुढच्या बैठकीत त्यासाठी दहा मिनिटे द्यावीत.

आपली नम्र,
शारीरिक शिक्षण विभागातील शिक्षिका